निवेदनात २२ मागण्या, आमदारांकडे १० मिनिटं: परिचारिकांसाठी आधी काय मागायचं?

पाळीवाली

जिल्ह्यातल्या सरकारी आणि खासगी अशा दोन्हीकडच्या परिचारिकांचं एकत्र निवेदन तयार होतंय. हिवाळी अधिवेशनाला नागपूरला निघण्याआधी आमदार दहा मिनिटं देणार आहेत. मसुद्यात सध्या २२ मागण्या आहेत. रुग्णांच्या प्रमाणात परिचारिका, रिक्त पदं, बाह्यस्रोत भरती बंद, केंद्राप्रमाणे नर्सिंग भत्ता, 'नर्सिंग ऑफिसर' हे पदनाम, खासगीत किमान २०,००० पगार, मारहाणीविरुद्ध कडक कायदा, रात्रपाळीला गाडी, पाळणाघर, परिचर्या (नर्सिंग) परिषदेचा कारभार, नर्स प्रॅक्टिशनरला (जादा प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेला) औषध लिहून देण्याचा अधिकार, आणि बरंच काही.

दहा मिनिटांत एवढं मावणार नाही हे कळतंय. नेमकं काय ठेवावं, कुठल्या विभागाच्या नावाने लिहावं आणि सोबत कुठले कागद जोडावेत? 'सगळंच महत्त्वाचं आहे' हे उत्तर नको, तेवढं आमचं आम्हाला माहीत आहे.

---

कलमकसई

ताई, २२ मागण्यांचं निवेदन म्हणजे 'उचित कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून पुढे ढकलायची आयती सोय. आमदारांचा पीए ते अख्खंच्या अख्खं सार्वजनिक आरोग्य विभागाला पाठवेल आणि तिथून निम्म्या मागण्या 'सदर विषय या विभागाशी संबंधित नाही' म्हणून परत येतील. तेव्हा आधी कुलपं वेगळी करा, मग किल्ल्या शोधा.

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय इथली पदं सार्वजनिक आरोग्य विभागाची. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं, नर्सिंगचं शिक्षण आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद हे वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाचं. महापालिकेचं रुग्णालय असेल तर आयुक्त आणि वर नगरविकास. खासगी रुग्णालयाचा परवाना आरोग्य खात्याच्या कायद्याखाली, पण तिथला पगार कामगार विभागाकडे. खासगी पगाराची मागणी आरोग्यमंत्र्यांच्या नावाने लिहिणं ही सर्रास होणारी चूक. वर्षभर पत्रं फिरतात आणि शेवटी 'कामगार विभागाशी संपर्क साधावा' असं एका ओळीचं उत्तर हातात पडतं.

दुसरी चाळणी साधनाची. प्रत्येक मागणीपुढे लिहा: हिला कायदा लागतो, नियम लागतो, शासन निर्णय पुरतो की फक्त आहे तो आदेश पाळून घ्यायचा आहे? कायद्याला विधेयक, दोन्ही सभागृहं, राज्यपालांची संमती. नियमाला मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना. शासन निर्णयाला विभागाची इच्छा आणि पैशांचा विषय असला की वित्त विभागाची सहमती. तुमच्या यादीतल्या बहुतेक मागण्यांना नवा कायदा लागतच नाही. पदनाम बदलाला शासन निर्णय आणि सेवाप्रवेश नियमांत दुरुस्ती पुरते. रात्रपाळीच्या गाडीला तर रुग्णालय पातळीवरचा आदेशही पुरतो.

माझ्या मते तीनच ठेवा: प्रत्येक पाळीत किती परिचारिका हजर हव्यात, खासगीतलं किमान वेतन, आणि हल्ल्यानंतर फिर्याद कोणी व किती वेळात द्यायची. बाकी १९ मागण्या जोडपत्रात जाऊ द्या, कुणी रागावू नये म्हणून.

---

आकृतिबंध

पहिल्या मागणीत बहुतेक निवेदनं जिथे घसरतात तेवढंच सांगतो.

'१:३ प्रमाण द्या' असं सगळे लिहितात. ऐकणाऱ्याला वाटतं, एका सिस्टरकडे तीन रुग्ण. मंत्री म्हणतात हे कुणाला परवडणार, आणि विषय संपतो. भारतीय परिचर्या परिषदेचं अध्यापन रुग्णालयासाठीचं १:३ हे खाटांमागे पदांचं प्रमाण आहे, पाळीतल्या हजेरीचं नव्हे. ३० खाटांच्या वॉर्डाला १० पदं. तीन पाळ्यांत वाटली की एका पाळीत तीन-साडेतीन जणी, म्हणजे एकीकडे ९ रुग्ण. सर्वसाधारण रुग्णालयाचं १:५ धरलं तर त्याच वॉर्डाला ६ पदं, पाळीत दोघी, एकीकडे १५ रुग्ण. त्यावर ३० टक्के रजा राखीव, म्हणजे रजेवर गेलेल्यांच्या बदलीची पदं, वेगळे. ते मिळाले नाहीत तर १५ चे २० कधी होतात ते कळतही नाही.

म्हणून मागणी 'खाटांमागे पदं' या भाषेत नको, 'पाळीत प्रत्यक्ष हजर' या भाषेत लिहा. आणि मग पदं किती लागतील ते स्वतः काढून द्या, कारण मंत्रालयात ते गणित कुणी करत नाही.

असं करा. ३० खाटांचा जनरल वॉर्ड, पाळीत १:६ हवं, म्हणजे ५ जणी. तीन पाळ्या, रोज १५ ड्युट्या. वर्षाला १५ × ३६५ = ५,४७५ ड्युट्या. आता एक परिचारिका वर्षात किती दिवस उभी राहते? ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ८ नैमित्तिक रजा, ३० अर्जित रजा आणि सुमारे १५ सणवार किंवा त्यांच्या बदली सुट्ट्या वजा करा. उरतात २६०. ५,४७५ ला २६० ने भागलं की २१ पदं. वर एक परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर). एकूण २२.

यात प्रसूती रजा धरलेली नाही, आजारपण नाही, प्रशिक्षण नाही, प्रतिनियुक्ती नाही. रात्रपाळी १२ तासांची असेल तर नाईट ऑफ (रात्रपाळीनंतरच्या सुट्ट्या) वेगळे मोजा. ३० टक्के राखीवाच्या सूत्राने १५ × १.३ = १९.५ येतात, म्हणजे ते सूत्रसुद्धा दीड पद कमीच देतं.

आता उलटं गणित, हे आमदारांना दाखवायचं. त्याच वॉर्डात १५ पदं मंजूर आणि ३ रिक्त आहेत असं धरा. १२ × २६० = ३,१२० ड्युट्या, ३६५ ने भागलं की दिवसाला साडेआठ. सकाळी चौघी लावल्या तर दुपारी तिघी, रात्रीला एक किंवा दोघी. म्हणजे रात्री एका सिस्टरकडे १५ ते ३० रुग्ण, जमिनीवर गाद्या टाकलेले वेगळे. कागदावर मात्र 'फक्त २० टक्के पदं रिक्त'.

अतिदक्षता विभागाचं गणित वेगळं ठेवा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला १:१, तेही तिन्ही पाळ्यांत. तिथे एका खाटेला चारच्या वर पदं लागतात (३ × ३६५ ÷ २६० = ४.२). हे न सांगता '१० खाटांच्या आयसीयूला १० परिचारिका' असं लिहिलेले प्रस्ताव मंजूरही होतात आणि मग प्रत्येक पाळीत दोघी-तिघीच राहतात.

---

कलमकसई

वरचं गणित उत्तम. त्याला पुरावा जोडायचा तर माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. 'किती पदं रिक्त' एवढंच विचारू नका, ते आकडे तसेही मिळतात. हे मागा: ठरावीक सात दिवसांच्या वॉर्डनिहाय ड्युटी रोस्टरच्या प्रती आणि त्याच सात दिवसांचा वॉर्डनिहाय रात्रीचा सेन्सस (रुग्णांची मोजणी). दोन कागद शेजारी ठेवले की प्रमाण आपोआप दिसतं. अर्जात 'का', 'कधी करणार' असले प्रश्न घालू नका. माहिती अधिकारात असलेला कागद मिळतो, स्पष्टीकरण मिळत नाही, आणि तेवढ्या कारणावरून अख्खा अर्ज निकाली काढतात.

विधिमंडळातही तसंच. 'परिचारिकांची रिक्त पदं शासन भरणार आहे काय' या तारांकित प्रश्नाचं उत्तर ठरलेलं: 'होय, कार्यवाही सुरू आहे.' त्याऐवजी आमदारांना असा प्रश्न द्या: अमुक जिल्हा रुग्णालयात अमुक तारखेला रात्रपाळीत किती रुग्ण व किती परिचारिका होत्या, आकृतिबंध (मंजूर पदांचा तक्ता) शेवटचा कधी सुधारला, तेव्हा खाटा किती होत्या आणि आज किती आहेत? खाटा वाढलेल्या असतात, आकृतिबंध जुनाच असतो. खरी मेख तिथे आहे. रिक्त पदं भरणं आणि पदनिर्मिती या दोन वेगळ्या फायली. पदनिर्मिती उच्चस्तरीय सचिव समितीकडे जाते. तुम्ही 'रिक्त पदं भरा' म्हणालात तर जुन्याच तुटपुंज्या आकृतिबंधावर शिक्कामोर्तब होतं.

---

पगारपत्रक

खासगी पगाराबद्दल. २०,००० हा आकडा कुठून आला ते निवेदनात लिहा, नाहीतर हवेतला वाटतो.

ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ ला केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीने खाटांप्रमाणे पायऱ्या ठरवल्या. २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारच्या समकक्ष परिचारिकेइतका पगार. १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० मध्ये फार तर २५ टक्के कमी. ५० च्या आत असेल तर २०,००० पेक्षा कमी नाही. रजा, कामाचे तास, वैद्यकीय सोय, वाहतूक, निवास हेही सरकारीप्रमाणे.

म्हणजे २०,००० ही सगळ्यात खालची पायरी, तीही २०१६ ची. ३०० खाटांच्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी '२०,००० द्या' अशी मागणी करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. राज्यात अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाच्या एस-१३ या स्तरात ३५,४०० पासून सुरू होतं. तुलना त्याच्याशी करा.

आता मेख अशी की या शिफारशी केंद्राने राज्यांना कळवल्या आणि त्या शिफारशीच राहिल्या. त्या पाळल्या नाहीत म्हणून रुग्णालयावर थेट कारवाई होत नाही. केरळने वेगळी वाट धरली. तिथे मोठ्या आंदोलनानंतर २०१८ मध्ये किमान वेतन कायद्याखाली अधिसूचना काढून परिचारिकांचं किमान मूळ वेतन २०,००० केलं. शिफारस आणि अधिसूचना यांत फरक हाच: अधिसूचनेपेक्षा कमी दिलं तर थकबाकीचा दावा लावता येतो.

आपल्याकडे आता मागणी नव्या चौकटीत लिहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यात 'अनुसूचित उद्योग' ही जुनी भानगड नाही, किमान वेतन सगळ्यांनाच. राज्याने ते कौशल्याच्या वर्गांनुसार ठरवायचं आहे. म्हणून मागणी एका वाक्याची: 'नोंदणीकृत परिचारिकेचा समावेश अतिकुशल वर्गात करावा आणि खाटांच्या संख्येनुसार २०१६ च्या समितीच्या पायऱ्या त्या अधिसूचनेत घ्याव्यात.' विभागाने आपणहून ठरवलं तर 'कुशल' मध्ये इतर कामांबरोबर बसवून मोकळे होतील.

सोबत एक छोटी पण कामाची मागणी: प्रत्येकीला लेखी नियुक्तिपत्र. व्यवसायसुरक्षा संहितेत ते आता बंधनकारक आहे, फक्त तपासणी व्हायला हवी. नियुक्तिपत्र नसलं की दोन वर्षं 'ट्रेनी', मग 'ज्युनिअर', पगार तोच. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं हा दुसरा प्रकार, त्याचाही एका ओळीत उल्लेख असू द्या.

आणि 'इन्चार्ज' हा शब्द जपून. पर्यवेक्षकाचं काम आणि महिना १८,००० च्या वर वेतन असेल तर नव्या संहितांमध्ये ती व्यक्ती 'कामगार' या व्याख्येबाहेर जाते. चार जणींच्या पाळीत एकीला नुसतं इन्चार्ज म्हणायचं आणि वाद झाला की 'ही तर व्यवस्थापनातली' म्हणायचं, हे चालतं. पदनावापेक्षा प्रत्यक्ष काम बघितलं जातं हे खरं, पण ते सिद्ध करायला रोस्टर लागतो. सुया टोचणं, सलाईन लावणं, नोट्स लिहिणं हेच काम तुम्ही करता हे त्यात दिसलं पाहिजे.

---

छोटं_हॉस्पिटल

वीस खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्यांची बाजूही मांडतो, कारण उद्या हरकती-सूचना मागवल्या की विरोध इथूनच होणार आहे.

तालुक्याच्या गावी जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली मुलगी टिकत नाही. अनुभव मिळाला की शहरात, तिथून परदेशात. वीस खाटांना पाळीत १:६ म्हणजे तिघी-चौघी, वरच्या गणिताने १५ पदं. प्रत्येकी २०,००० धरले तरी महिन्याला तीन लाख. विमा कंपन्यांच्या आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये शुश्रूषेचा वेगळा दर धरलेला नसतो. मग हे पैसे रुग्णाच्या बिलात जाणार किंवा रुग्णालय बंद होणार. कायदा झाला तर खोट्या रोस्टरचा धंदा वाढेल, एवढंच.

---

आकृतिबंध

डॉक्टरसाहेब, खोट्या रोस्टरचा मुद्दा बरोबर आहे, उरलेल्यावर थोडं बोलू.

वीस खाटा रोज भरलेल्या नसतात. प्रमाण खाटांवर नको, हजर रुग्णांवर ठेवा असं आम्हीच म्हणतोय. सरासरी १२ रुग्ण असतील तर पाळीत दोघी, म्हणजे ६ ड्युट्या, पदं साधारण साडेआठ. १५ नव्हे.

आणि कायदा नवा नाहीच. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चा आहे. शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचं 'योग्य प्रमाण' नसेल तर नोंदणी नाकारता येते, हे त्यात पहिल्यापासून आहे. 'योग्य' म्हणजे किती, यावरच सगळं अडतं. २०२१ मध्ये नियम सुधारले तेव्हा रुग्णहक्कांची सनद, तक्रार निवारण वगैरे गाजलं, परिचारिकांच्या बाजूकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. नोंदणीचं नूतनीकरण तीन वर्षांनी होतं. त्या वेळी परिचारिकांच्या नोंदणी क्रमांकांची यादी देतात. ती यादी तीन वर्षांत पुन्हा कुणी उघडत नाही, आणि एकच नोंदणी क्रमांक दोन-तीन रुग्णालयांच्या यादीत सापडतो.

यावर उपाय स्वस्त आहे. प्रत्येक पाळीत हजर असलेल्या नोंदणीकृत परिचारिकांची संख्या आणि त्या वेळचे रुग्ण, हे दोन आकडे वॉर्डाच्या दाराशी फळ्यावर खडूने लिहायचे. नातेवाईक वाचतो. फळ्यावर चार लिहून आत दोघी असतील तर पहिला प्रश्न तोच विचारतो. इन्स्पेक्टर लागत नाही.

पॅकेजमध्ये शुश्रूषेचा वेगळा दर हवा, ही मागणी मात्र तुमची आणि परिचारिकांची एकच आहे. निवेदनात ती घालायला हरकत नसावी. दोन्ही बाजू एक गोष्ट मागतायत हे आमदारांना फार आवडतं.

---

पाळीवाली

प्रमाणाचा मसुदा नियमात कसा लिहावा? आमचं वाक्य असं आहे: 'रुग्णालयात १:६ प्रमाण राखावे.'

---

रजा_राखीव

या वाक्यात तीन भोकं आहेत.

'रुग्णालयात' लिहिलं की सरासरी काढतात. ओपीडीतल्या, स्टोअरमधल्या, कार्यालयात बसवलेल्या, अधिसेविकासुद्धा (मेट्रन) मोजून प्रमाण पूर्ण दाखवता येतं. 'प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक पाळीत, थेट रुग्णसेवेत असलेल्या' असं लिहा. परिसेविका मोजायची नाही हेही लिहा. विद्यार्थिनी तर मुळीच नाहीत. ज्या गावात नर्सिंग कॉलेज आहे तिथे अर्धा वॉर्ड त्यांच्यावरच चालतो, आणि परीक्षा सुरू झाल्या की खरं प्रमाण उघडं पडतं.

दुसरं, जेवणाची सुट्टी. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये प्रमाणाचा कायदा केला, अंमल २००४ पासून. तिथे मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आधी १:६ आणि २००५ पासून १:५, आयसीयूत १:२. पण खरी ताकद त्या आकड्यांत नाही, 'सर्व वेळी' या दोन शब्दांत आहे. एक परिचारिका जेवायला गेली तर तिचे रुग्ण दुसरीच्या माथी मारून प्रमाण मोडता येत नाही, बदली द्यावी लागते. तिथल्या रुग्णालयांच्या संघटनेने याच शब्दांवर कोर्टात भांडण केलं आणि हरली.

तिसरं, उल्लंघन झाल्यावर काय? तुमच्या वाक्यात काहीच नाही. दंड मागितला तर विधेयक अडकेल. त्यापेक्षा एवढं मागा: प्रमाण मोडलेल्या पाळीची नोंद परिसेविकेने त्याच दिवशी ठरलेल्या नमुन्यात करायची, ती अधिसेविकेमार्फत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जायची, आणि त्या नोंदींची महिन्याची बेरीज जाहीर करायची. नोंद करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही ही ओळ विसरू नका, नाहीतर कुणी लिहिणारच नाही.

या नोंदीचा दुसरा उपयोग तुमच्याच बचावाचा. रात्री २४ रुग्णांत एकाची सलाईन संपून रक्त उलटं चढलं, की चौकशी 'निष्काळजीपणा' या शब्दाने सुरू होते. पाळीच्या सुरुवातीलाच 'हजर २, रुग्ण ४८, वरिष्ठांना कळवले, वेळ ८.२०' अशी ओळ असेल तर चौकशीचा प्रश्न बदलतो.

---

कलमकसई

मारहाणीबद्दल. 'कडक कायदा करा' ही मागणी काढून टाका. कायदा २०१० पासून आहे: वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्थांवरील हिंसाचार प्रतिबंध अधिनियम. परिचारिका त्यात स्पष्टपणे येतात, सरकारी असोत की खासगी. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० पर्यंत दंड, मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई. आणखी किती कडक हवा?

बिघडतं ते पोलीस ठाण्यात. परिचारिका एकटी जाते, नातेवाईकांचा जमाव बाहेर उभा असतो, आणि फिर्याद शिवीगाळ-मारहाणीच्या किरकोळ कलमांखाली अदखलपात्र म्हणून नोंदली जाते. २०१० चा कायदा लावलाच जात नाही. ठाणे अंमलदाराला तो माहीत असेलच असं नाही, म्हणून त्याची छापील प्रत आपत्कालीन विभागाच्या टेबलात ठेवा. सरकारी परिचारिका असेल तर लोकसेवकावरील हल्ल्याचं कलमही लागतं. जुनं ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२. खासगीतल्या परिचारिकेला हे लागू नाही, तिच्यासाठी २०१० चाच आधार.

मागणी अशी करा: फिर्यादी संस्था असावी, परिचारिका साक्षीदार. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या रुग्णालयांना कळवलं की कामावर असताना हल्ला झाला तर संस्थाप्रमुखाने जास्तीत जास्त ६ तासांत संस्थेच्या वतीने एफआयआर दाखल करायचा. तोच नियम राज्याने सरकारी, महापालिका आणि खासगी रुग्णालयांना शासन निर्णयाने लावावा. याला विधेयक नको, वित्त विभाग नको, एक पैसा नको. तिन्हींत सगळ्यात आधी पदरात पडण्यासारखी मागणी हीच, म्हणून दहा मिनिटांत पहिली हीच मांडा. आमदारांना एक 'होय' लवकर म्हणू द्या.

---

आकृतिबंध

उरलेल्यांपैकी दोन जोडपत्रातही नीट लिहिण्यासारख्या आहेत.

परिषदेबद्दल. राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, १९४७ चा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा त्याने रद्द व्हायचा आहे. राज्यांना आपापला १० सदस्यांचा आयोग नेमायचा आहे. कलमं अधिसूचनेने लागू होतात. म्हणून निवेदनात 'परिषद सुधारा' नको, 'राज्य आयोगाची तयारी कुठवर आली आणि महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ खालची नोंदवही नव्या नोंदवहीत कशी नेणार' असं विचारा. याच कायद्यात नोंदणी नसताना परिचर्या करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. खासगीत अप्रशिक्षित मुलींना पांढरा कोट घालून सिस्टर म्हणवतात, त्यावर हे औषध. त्या मुलींना नव्हे, नेमणाऱ्याला धरा, असं जरूर लिहा.

नर्स प्रॅक्टिशनरला औषध लिहून देण्याचा अधिकार ही मागणी चांगली आहे, पण राज्याच्या आमदाराच्या हातात नाही. अभ्यासक्रम झाले, प्रसूतीसाठी १८ महिन्यांचं प्रशिक्षण आलं, पण पदच नाही म्हणून शिकून आलेली परिचारिका परत जनरल वॉर्डात लागते. राज्याकडे मागायचं तर पद मागा, अधिकार खासदाराकडे.

केंद्राचा नर्सिंग भत्ता ७,२०० होता, महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर जानेवारी २०२४ पासून ९,००० झाला. मागा, पण तो वित्त विभागाचा विषय आहे, दहा मिनिटांत काढू नका. पदनाम बदलाने पगार एक रुपयाही वाढत नाही. फुकटचं आहे म्हणून तेच देऊन बोळवण करतील, तेव्हा जोडपत्रात शेवटी टाका.

---

पाळीवाली

ठरलं. पहिली ६ तासांच्या फिर्यादीची, दुसरी पाळीतल्या हजेरीची गणितासकट, तिसरी किमान वेतनात अतिकुशल वर्गाची. तीन विभागांना तीन वेगळी पत्रं, प्रत्येकी एक पान.

एकच राहिलं. सात दिवसांचा सेन्सस मागायचा तर तो नेमका कुणाकडे असतो? वॉर्डात, अधिसेविकेकडे की रेकॉर्ड रूममध्ये?

---

रजा_राखीव

रात्री १२ चा सेन्सस वॉर्डातली रात्रपाळीची सिस्टर बनवते आणि सकाळी तो अधिसेविका कार्यालयात जातो. तिथे सगळ्या वॉर्डांची बेरीज होऊन रेकॉर्ड विभागाला जातो. तुम्हाला बेरीज नको, वॉर्डनिहाय हवा, म्हणून अर्जात 'अधिसेविका कार्यालयातील वॉर्डनिहाय दैनिक सेन्सस' असं स्पष्ट लिहा. सात दिवसांत एक रविवार आणि एक सणाचा दिवस येईल असं बघा. आणि सेन्ससमध्ये जादा खाटा, म्हणजे जमिनीवरचे रुग्ण, वेगळ्या रकान्यात असतात. तो रकाना झेरॉक्स करताना कडेला कापला जातो, प्रत ताब्यात घेताना तेवढा बघून घ्या.